माझ्यावर भस्म टिकलं नाही

खरं सांगू का मित्रांनो, हे मी लिहून ठेवणारच नव्हतो. म्हटलं, कोण वाचणार? जात्याला ओव्या असतात, तलवारीला इतिहास असतो. माझ्यासारख्या कारखान्यातल्या तुकड्याची कसली आलीय कहाणी. शिवाय माझी एक अडचण आहे. माझ्या अंगावर काहीच खूण राहत नाही. तांब्याला पोचा पडतो, पाटावर तेलाचे डाग राहतात, त्यावरून त्यांचं आयुष्य कळतं. मला एकदा धुतलं की मी पुन्हा कोरा. मग वाटलं, अंगावर राहत नाही तर निदान कागदावर राहू द्यावं.

मी एक जुना, पांढरा, गुळगुळीत तुकडा आहे. तळहातावर मावेन एवढा गोल. एका बाजूनं घुमटासारखा फुगीर, दुसऱ्या बाजूनं वाटीसारखा खळगा. दिसायला मेणासारखा, पण उचलला की दिसतो त्यापेक्षा जड लागतो. माझ्या जातीचं नाव लय लांबलचक आहे, पॉलिटेट्राफ्लुरोइथिलीन. म्हणता म्हणता जीभ अडखळते. तुमच्या घरी न चिकटणारा तवा असेल, त्याच्यावरचा पातळ थर माझ्याच कुळातला. त्याला टेफ्लॉन म्हणतात.

आमचं कूळ जन्माला आलं ते चुकून. सन एकोणीसशे अडतीस. अमेरिकेत एक तरुण शास्त्रज्ञ थंड करायच्या यंत्रांसाठी वायू बनवत होता. त्यानं एक वायू लोखंडी बाटलीत भरून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी बाटलीचं तोंड उघडलं तर वायू बाहेर येईना. गळाला म्हणावं तर बाटलीचं वजन होतं तेवढंच. शेवटी त्यानं बाटली करवतीनं कापली. आत पांढरी भुकटी. तीच आमची पूर्वज. त्या भुकटीवर त्यांनी तेजाब ओतलं, तिला काही झालं नाही. तापवली, तरी काही नाही. पाण्यात, तेलात, रॉकेलात टाकली, ती विरघळली नाही.

असं का, ते सांगतो. माझ्या अंगात कार्बन आणि फ्लोरिन हे दोघंच आहेत. त्यांनी एकमेकांना इतकं घट्ट धरलंय की तिसऱ्याचा हात धरायला कुणाचाच हात मोकळा नाही. म्हणून पाणी माझ्यावर पसरत नाही, त्याचे मणी होतात आणि घरंगळून जातात. डिंक चिकटत नाही. तेल लावलं तर पुसून निघतं. वीज माझ्यातून जात नाही. गंज मला माहीत नाही. लोकांना हा गुण वाटतो. मला बरेच दिवस हा शाप वाटायचा. का ते पुढं येईलच.

मला वितळवून ओतलेलं नाही. भाकरीच्या पिठासारखी भुकटी साच्यात दाबली आणि भट्टीत भाजली. लढाईचे दिवस होते, सगळं गुपचूप चाललेलं. माझी नेमणूक एका विमानाच्या यंत्रात झाली. अंधारात दूरचं विमान ओळखायचं ते यंत्र. त्यातली एक तार माझ्या खळग्यात बसायची आणि तिची वीज इकडं तिकडं जाऊ न देणं एवढंच माझं काम. काम चांगलं केलं मी. कुणी शाबासकी दिली नाही, कारण मी तिथं आहे हेच बहुतेकांना माहीत नव्हतं.

लढाई संपली. यंत्रं मोडली. भंगार तोलून विकलं. तांब्याला गिऱ्हाईक होतं, पितळेला होतं. मला कुणी विचारलं नाही. लोखंडाच्या ढिगात पडून मी मालगाडीनं निजामच्या मुलखात आलो. पूर्णेच्या पुढं, चुडावा स्टेशनाजवळ, गाडीनं एक हिसका दिला. घसरण्यात माझा हात कोण धरणार? ढिगातून सुटलो, डब्याच्या फटीतून निसटलो आणि रुळांच्या मधल्या खडीत येऊन पडलो.

तिथं मला लिंबाजी गँगमननं उचललं. रुळाचे खिळे ठोकत, खडी सरकवत चालणारा माणूस. त्यानं मला हुंगलं, नखानं ओरबाडलं, आणि स्टेशनासमोरच्या सांबप्पाच्या दुकानात आणून ठेवलं.

सांबप्पा लिंगायत वाणी. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, तोंडात कायम लवंग. दुकानात मीठ, गूळ, काडीपेटी, रॉकेल. माझ्याकडं बघून त्याला वाटलं कापराची वडी असावी. काडी लावली. मी पेटलो नाही. मग वाटलं साबण. पाण्यात घासलं, फेस नाही. मग तुरटी म्हणून जिभेला लावून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. लिंबाजी पायरीवर बसून बघत होता.

"आप्पा, आता चावून बघा," तो म्हणाला. "गूळ असंल."

"तू आणलास, तूच चाव. माझं दात लग्नाकार्यासाठी राखून ठेवलेत."

शेवटी सांबप्पाच्या बायकोनं, बसम्मानं, मला उचलून घरात नेलं आणि लिंबाच्या लोणच्याच्या बरणीवर उपडं घातलं. पत्र्याची झाकणं त्या आंबटानं, मिठानं खाऊन टाकली होती. मला काही झालं नाही. उन्हाळा गेला, हिवाळा गेला, मी जसाच्या तसा. बसम्मा मला रोज पुसायची. तिनं माझं नाव पांढऱ्या ठेवलं. एकदा शेजारणीला म्हणाली, "हे झाकण लय इमानदार हाय." मित्रांनो, आयुष्यातली ती माझी पहिली शाबासकी. लोणच्यावर बसून का असेना, मी खूश होतो.

मग एकोणीसशे अठ्ठेचाळीसचा श्रावण आला.

इथं तुम्हाला एक गोष्ट माहीत पाहिजे. लिंगायत माणसाच्या गळ्यात इष्टलिंग असतं. लहानपणी गुरू ते देतो. चांदीच्या छोट्या डबीत ठेवून दोऱ्यानं गळ्यात बांधतात. रोज अंघोळीनंतर ते डाव्या तळहातावर घ्यायचं, त्याला भस्म लावायचं, पूजा करायची, मग तोंडात घास. त्याच्याआधी नाही. जुन्या वळणाची माणसं तर म्हणायची, लिंग गळ्यातून गेलं म्हणजे जीवच गेला. दुसरं लिंग बाजारात मिळत नाही. गुरूनंच यावं आणि हातानं द्यावं.

बसम्मा आडावर पाणी काढत होती. दोरा झिजला होता. वाकली, आणि डबी सुटून आडात गेली.

गावातला सटवाजी बुड्या मारण्यात तरबेज. श्रावणाचं पाणी, आड वरपर्यंत भरलेला, तळाला कमरेएवढा गाळ. त्यानं बुड्या मारमारून दोन घागरी वर आणल्या, कुणाचा तरी हरवलेला तांब्या आणला, पोहऱ्याची गंजकी कडी आणली. आडाभोवती बायका आपापली भांडी ओळखायला लागल्या. एकीला तिच्या सासूच्या वेळची कळशी सापडली. डबी काही सापडली नाही.

बसम्मा घरी आली आणि चुलीपुढून उठून पलीकडं जाऊन बसली. रडली नाही, कुणावर रागावली नाही. तिला शिकवलंच होतं तसं. पूजा नाही तर जेवण नाही. दूधसुद्धा नाही. फक्त पाणी.

तिचे गुरू शिवरुद्र स्वामी सेलूला राहायचे. इतर वेळी गाडीत बसलं की पोचलं. पण ते रझाकारांचे दिवस. गाड्यांचा भरवसा नव्हता, माणसं गावाबाहेर पडायला धजत नव्हती. सांबप्पानं लिंबाजीला सांगितलं. लिंबाजीनं निरोप नेला तो असा: रुळावरची प्रत्येक टोळी आपापल्या हद्दीत काम करते, हद्दीच्या दगडाजवळ दोन टोळ्या रोज भेटतात. चुडाव्याच्या टोळीनं पूर्णेच्या टोळीला सांगितलं, त्यांनी पुढच्यांना, पिंगळीच्या गँगमननं परभणीच्या मुकादमाला. एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानात, असा निरोप पावसात चालत सेलूकडं निघाला. पोचला की नाही हे कळायला मार्ग नव्हता.

इकडं दिवस जात होते. बसम्माच्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. ती भिंत धरून चालायची. मी बरणीवरून बघत होतो.

सांबप्पाची मोठी बहीण शांतम्मा त्याच घरात राहायची. जीभ तिखट. ती ओट्यावर बसून ऐकवायची की दोरा झिजलाय हे मी दिवाळीपासून सांगायले, पण माझं ऐकतंय कोण. आमच्या घरात कुणाचं लिंग असं गेलं नव्हतं. सांबप्पा दुकानातून आत यायचा, बायकोकडं बघायचा आणि परत दुकानात जायचा. गिऱ्हाईकानं मीठ मागितलं तर गूळ द्यायचा.

एका सकाळी तो बरणीपाशी आला आणि माझ्याकडं बघत उभा राहिला. मग त्यानं मला उचललं, राखेनं घासलं, आडाच्या पाण्यानं धुतलं. तो बसम्माजवळ जाऊन बसला. त्यानं सांगितलं की कपिलधारच्या जत्रेत एका साधूपाशी असाच पांढरा दगड बघितला होता, त्याला ते स्फटिक म्हणत होते. हे बी तेच असंल. नाही तर काडीनं पेटत नाही, लोणच्यानं खात नाही, असला दगड कुठं असतो? स्वामी येईपर्यंत ह्याला हातावर घे, भस्म लाव, पूजा कर. देवाला मन कळतंय. आणि मग दूध घे.

बसम्मा म्हणाली, "गुरूनं दिलेलं न्हाई हे."

"मी दिलंय. नवऱ्याचं कधी तरी ऐक."

ती जराशी हसली. बऱ्याच दिवसांनी. म्हणाली, बरं, पूजा झाली तर घेईन दूध.

मित्रांनो, मला काय वाटलं सांगू? वाटलं, आता आपण खरे कामाला आलो. विमानात तारेला धरलं होतं, आता ह्या बाईचा जीव धरायचा.

तिनं अंघोळ केली. मला डाव्या तळहातावर घेतलं, फुगीर बाजू वर. भस्म पाण्यात कालवून तीन बोटांनी माझ्यावर तीन पट्टे ओढले. पट्टे उमटलेच नाहीत. पाण्याचे मणी झाले, त्यांच्याबरोबर राख गोळा झाली आणि घरंगळून तिच्या मनगटावर आली. तिनं परत लावलं, जाडसर. ते जरा टिकलं, सुकलं, आणि तिनं हात हलवला तसं खपलीसारखं सुटून पडलं. बेलाचं पान ठेवलं. तेही घसरलं.

मी जीव तोडून प्रयत्न केला. खरंच सांगतो. पण तिसऱ्याला धरायला माझ्याकडं हातच नाही.

बसम्मानं मला कोनाड्यात ठेवलं. दुधाच्या वाटीवर ताटली झाकली.

"देव न्हाई म्हणायलाय," ती म्हणाली. "माझं घ्यायचं न्हाई म्हणायलाय."

शांतम्मा दारात उभी होती. तिनं सगळं बघितलं.

दुपारी घर निजलं होतं. शांतम्मा पाय न वाजवता कोनाड्यापाशी आली. मला उचललं. आपल्या पिशवीतलं भस्म काढून बोटावर घेतलं आणि माझ्यावर ओढलं. घसरलं. तिनं इकडं तिकडं बघितलं. परत ओढलं. परत घसरलं. तिचं तोंड पांढरं पडलं. पदरानं मला घाईघाईनं पुसून तिनं जिथल्या तिथं ठेवलं आणि जाऊन ओट्यावर बसली.

तिनं कुणाला सांगितलं नाही. मला सगळं माहीत होतं, आणि मला तोंड नव्हतं. मघाशी शाप म्हणालो तो हाच. तुमच्या समोर एक माणूस विनाकारण झिजतंय, त्याला वाचवणारी गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, आणि तुमच्या अंगावर पुराव्याचा कणसुद्धा राहिलेला नाही. पुसला की मी कोरा.

त्यानंतर बसम्मा उठायचीही बंद झाली. पाणीसुद्धा चमच्यानं.

आणि मग एका दुपारी रुळावरून गँगमनची ढकलगाडी आली. ढकलणारे चौघं, आणि मधे पोत्याची खोळ डोक्यावर घेतलेला एक म्हातारा, मांडीवर भस्माची झोळी जपत. निरोप पोचला होता. ज्या वाटेनं निरोप गेला त्याच वाटेनं, एका टोळीनं दुसऱ्या टोळीच्या हवाली करत, त्यांनी स्वामींना आणलं होतं. लिंबाजी पुढं पळत आला. सांबप्पानं स्वामींचे पाय धरले ते सोडेच ना. स्वामी म्हणाले की आधी पाय सोड, चिखलाचे हायत, आणि बाई कुठं हाय ते सांग.

त्यांनी नवं लिंग आणलं होतं. नवा दोरा, नवी डबी. सगळ्यांना वाटलं, सुटलो.

पण बसम्मानं हात पुढं केला नाही. अंथरुणावरूनच हात जोडून म्हणाली, "शरणार्थ स्वामी. मला देऊ नका. माझ्या हातानं भस्म राहत न्हाई. ह्या लिंगावरनं बी पडलं तर मी काय करू? हाय ते बी बाटंल."

स्वामींनी विचारलं की काय झालं. सांबप्पानं खाली मान घालून सगळं सांगितलं. स्फटिक, लोणचं, कपिलधार, काही लपवलं नाही. स्वामींनी मला मागून घेतलं. हातावर तोलून बघितलं. मग मांडी घालून बसले, डोळे मिटून काही पुटपुटले, झोळीतलं भस्म घेतलं आणि पन्नास वर्षं लिंगपूजा केलेल्या त्या बोटांनी माझ्यावर तीन पट्टे ओढले.

घसरलं.

त्यांनी कोरडं लावून बघितलं. मग ओलं. मग अंगठ्यानं दाबून. हात तिरका केला की सगळं खाली.

सांबप्पाला वाटलं, आता स्वामी रागावणार. स्वामी माझ्याकडं बघत होते. आणि ओट्याच्या बाजूनं शांतम्माचा आवाज आला. बारीक, तिचा वाटेना असा.

"माझ्याकडनं बी पडलं हुतं."

सगळे वळले.

"त्याच दिवशी. दुपारी. मी लावून बघितलं. सांगितलं न्हाई. म्हटलं, मला काय म्हणतील." तिनं पदर तोंडाला लावला. "ती उपाशी हाय आन मी जेवायले."

स्वामींनी मला खाली ठेवलं. मग बसम्माच्या अंथरुणाजवळ सरकले.

"बसम्मा, माय, इकडं बघ. तुझ्याकडनं पडलं. तुझ्या नणंदंकडनं पडलं. माझ्याकडनं बी पडलं. आता देवानं तिघांना एकदम न्हाई म्हटलंय, की ह्या ठोकळ्यालाच धरता येत न्हाई?"

स्वामींनी तिच्या कपाळाकडं बोट केलं.

"सकाळी कपाळाला भस्म लावलंस?"

"लावलं. ह्या आक्कानं लावलं."

"मंग ते हाय का पडलं?"

तिनं हात वर नेला. बोटाला राख लागली. सकाळचे तीन पट्टे तिथंच होते. घामानं जरा पसरलेले, पण होते.

"ज्यानं धरायचं त्यानं धरलंय," स्वामी म्हणाले. "ह्याला कामून इचारायलीस?"

मग ती रडली. आडावर रडली नव्हती, तेव्हा रडली. शांतम्मानं तिला उठवून बसवलं, पाठीला आपला खांदा दिला. स्वामींनी नवं लिंग तिच्या तळहातावर ठेवलं. बसम्मानं भस्म लावलं. पट्टे वाकडेतिकडे आले. पण आले. काळ्या लिंगावर पांढरे तीन पट्टे, आणि तिनं हात हलवला तरी ते हलले नाहीत.

शांतम्मानं ज्वारीची पातळ आंबील करून आणली आणि स्वतः पाजली. एक घोट, थांब, एक घोट. सांबप्पा दुकानात गेला आणि गिऱ्हाईकानं मीठ मागितलं तर मीठच द्यायला लागला.

आता माझं काय? शांतम्माला माझा लय राग आला होता. माणसाला स्वतःचा राग आला की तो कुठंतरी टाकावाच लागतो. संध्याकाळी ती मला घेऊन चुलीपाशी गेली, पेटत्या गोवऱ्यांत टाकायला. मित्रांनो, तेव्हा माझी खरी भीती कुणाला माहीत नव्हती. भाकरीच्या तव्याइतकी आच मी सहज सोसतो. पण भडकत्या निखाऱ्यात घातलं तर मी धूर सोडतो, आणि तो धूर विषारी असतो. त्या बंद स्वयंपाकघरात अंथरुणावर एक अशक्त बाई होती. बसम्मानंच अंथरुणावरून हात लांब केला.

"आक्का, द्या तो इकडं. त्याचा काय कसूर? तो तर खरंच बोलत हुता, आपल्यालाच कळलं न्हाई."

तिनं मला उशाशी ठेवलं. तेव्हापासून मी तिला मैत्रीण म्हणतो.

वाट मोकळी होईपर्यंत स्वामी तिथंच थांबले होते, आणि ती बरी झाल्यावर एक दिवस त्यांचं भस्म बनवायचं काम तिच्याकडं आलं. गायीच्या गोवऱ्यांची राख फडक्यातून चाळायची, पाण्यात मळायची, फळीवर दाबून वड्या करायच्या आणि वाळवायच्या. त्या वड्या गावोगाव लोकांच्या देवघरात जायच्या. पण स्वामींची फळी लाकडाची. वडी काढताना निम्मी फळीलाच राहायची, उरलेली मोडायची. बसम्मानं मला उलटा केला. माझ्या खळग्यात ओला गोळा दाबला, फडक्यावर उपडं करून टिचकी मारली. वडी अख्खी, गोल, कडा शाबूत, खाली. ती बघतच राहिली. मग हसली. ज्याच्यावर राख टिकत नव्हती त्याच्यातून आता राखेच्या वड्या निघत होत्या, एकीमागून एक, एकही न मोडता. शांतम्मा शेजारी बसून राख चाळायची आणि दोघींच्या गप्पा चालायच्या.

तेवढ्यात आकाशातून भारताच्या फौजेची विमानं गेली. हैदराबादचं राज्य बदललं, म्हणजे निजामशाही गेली. स्टेशनावर नवा झेंडा लागला. माणसं पुन्हा गाडीत बसून इकडं तिकडं जायला लागली, आणि माझ्या वड्या सेलूपर्यंत जायला लागल्या. विमानं बघून मला वाटलं, ह्यांच्या पोटात माझा कुणी भाऊबंद असेल का? असला तर असू दे. माझी जागा मला आवडायला लागली होती.

जाता जाता मोठ्यांसारखं चार शब्द बोलतो. आज माझं कूळ सगळीकडं आहे. तव्यावर, नळाच्या जोडावरच्या पांढऱ्या पट्टीत, दवाखान्यातल्या नळ्यांत, तारांवर. आम्ही लय सोसतो म्हणून लोक काहीही सोसायला लावतात. आम्ही मऊ आहोत, तव्यावर लोखंडी उलथणं घासू नका. रिकामा तवा आचेवर विसरू नका. आणि आम्हाला कचऱ्यात पेटवू नका. आम्ही कुजत नाही, म्हणून कुठंही फेकू नका. काम असेल तोवर वापरा, नीट ठेवा.

एवढ्यावरच थांबणार होतो. पण ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो ती सांगायची राहिली.

त्याच वर्षी हिवाळ्याच्या सुरुवातीला पिंगळीहून एक बाई आली. कडूबाई नाव. तापाच्या साथीत तिचं लेकरू गेलं होतं. घरात तिला म्हणाले होते की तुझी पूजा पोचली नसंल. ती भस्म न्यायला आली होती, पण पिशवी पुढं करेना. बसम्मानं तिला पाणी दिलं, बसवलं, आणि तिच्या हातावर मला ठेवलं. म्हणाली, भस्म लाव ह्याला. कडूबाईनं लावलं. घसरलं. तिचा चेहरा बघवेना. बसम्मानं लगेच आपल्या बोटानं लावलं. तेही घसरलं. शांतम्माला हाक मारली. तिचंही घसरलं. मग बसम्मानं कडूबाईच्या कपाळावर तीन पट्टे ओढले, तिचाच हात धरून त्यांच्यावर टेकवला आणि विचारलं, "पडलं?"

कडूबाईनं मान हलवली. नाही. आणि मग दोघी तिथं बसून बराच वेळ रडल्या. शांतम्मानं चुलीवर आंबील ठेवली.

कडूबाई गाडीनं गेली. तिच्यानंतर आणखी एक आली. मग आणखी एक. कुणाचा दिवा वाऱ्यानं विझला होता, कुणाचं नैवेद्याचं ताट कुत्र्यानं ओढलं होतं, कुणाच्या घरात काहीच झालं नव्हतं, नुसती नवऱ्यानं टाकली होती.

एका संध्याकाळी बसम्मा मला धुवायला आडावर घेऊन गेली. पाण्याचे मणी माझ्यावरून घरंगळत होते. ती म्हणाली, "पांढऱ्या, एक मागते. कुणाचंच धरू नको बरं. पाटलिणीचं न्हाई, स्वामींचं न्हाई. एकीचं जरी धरलंस ना, तर बाकीच्या बायांनी काय समजावं?"

मला बोलता आलं असतं तर मोठ्यानं बोललो असतो. मनातल्या मनात बोललो, आणि ते आजवर पाळतोय. बसम्मा, वचन देतो. मी कुणाचंच भस्म धरणार नाही. तुझंसुद्धा.